उचकी

संध्याकाळी दवाखाना बंद करून, हातपाय धुऊन, ओजस सामंत बायकोबरोबर बटाटे लावायला बसला. तो कुडाळात होता आणि त्याची बायको गुरू ग्रहाजवळ.

समोरच्या पडद्यावर दोन बाहुल्या होत्या, प्रत्येकी नखाएवढी. चौकोनी ठिपक्यांची बनलेली, जुन्या काळच्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी. निळ्या हेल्मेटची बाहुली ओजसची, पिवळ्या हेल्मेटची इरावतीची. खेळाचं नाव ‘ठिगळ’. एका ओसाड लघुग्रहावर तुमचं यान आदळून मोडलंय, एवढीच त्याची गोष्ट. जमीन खणून बर्फ काढायचा, त्यातून पाणी आणि हवा करायची, मोडक्या यानाचा पत्रा वितळवून अवजारं घडवायची, काचेच्या घुमटाखाली बटाटे पिकवायचे आणि घुमटाला तडा गेला की ठिगळ लावायचं. एकट्याने खेळलं तर दोन-चार दिवसांत हवा संपून मरायला व्हायचं. दोघं असले की एक खणायचा, दुसरा शिवायचा, आणि जगता यायचं. ब्राउझर उघडला की खेळ सुरू, डाउनलोड वगैरे भानगड नाही. इरा प्रशिक्षणासाठी लांब असायची आणि ओजस गुरांच्या दवाखान्यात शिकाऊ होता, तेव्हापासून दोघं तो खेळत आली होती. त्यांच्या लघुग्रहावर आता चार खोल्या होत्या, बर्फाचं कोठार होतं, आणि मधोमध मोठा घुमट.

‘अनुराधा’ यान सहा माणसं घेऊन निघालं तेव्हा कोणाच्या डोक्यात हा खेळ नव्हता. पहिली दोन वर्षं घरच्यांना व्हिडिओ यायचे. इरा हवेत तरंगत केस बांधायची आणि तिच्या मागे कोणीतरी वाकुल्या दाखवत जायचं. पुढे गुरूजवळ पोचता पोचता यानाची मोठी ताटली, म्हणजे पृथ्वीशी बोलायची मुख्य अँटेना, अर्धवट उघड्या अवस्थेत अडकली ती अडकलीच. उरली ती एक छोटी अँटेना. पृथ्वीवरून यानाकडे कितीही पाठवता येत होतं, कारण इथल्या ताटल्या मोठ्या आणि विजेला तोटा नाही. यानाकडून मात्र थेंब थेंब. जिथून पूर्वी दिवसाला तासभर व्हिडिओ यायचा, तिथून आता दिवसाकाठी चार-दोन पानांएवढा मजकूर.

त्या वेळी सहाही कुटुंबांना पुण्याच्या केंद्रात बोलावलं होतं. समजावून सांगायला डॉ. झोया मुजावर होत्या. संदेशशास्त्रातल्या तज्ज्ञ, मूळच्या मिरजेच्या, बोलायला एकदम मोकळ्या.

“तुमच्याकडे दूध कसं येतं?” त्यांनी विचारलं.

“येतं घरी. रोज एक लिटर,” ओजस म्हणाला. जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे दुधाचा विषय निघाला की तो जरा सावरून बसायचा.

“दूधवाला रोज फोन करून सांगतो का, आज एक लिटर आणतोय म्हणून?”

“छे!”

“मग फोन कधी करतो?”

“यायचा नसेल तेव्हा.”

“झालं. आम्ही तेच करणार आहोत,” झोया म्हणाल्या. “जे होणार हे तुम्हाला माहीतच आहे, ते कळवण्यात काही अर्थ नसतो. बातमी असते ती फक्त अनपेक्षित गोष्टीत. आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, त्याला आम्ही अंदाजक म्हणतो. तुमची माणसं कशी खेळतात, काय बोलतात, कशावर हसतात, हे त्याने इतकी वर्षं पाहिलंय. पुढच्या क्षणाला इरावती काय करेल याचा तो अंदाज बांधतो. हाच अंदाजक यानावरही आहे, आणि दोन्हीकडे अगदी एकच अंदाज निघतो. इरावती अंदाजाप्रमाणे वागली तर यान काहीच पाठवत नाही. वेगळं वागली तरच तेवढा फरक पाठवतं.”

“म्हणजे पडद्यावर मला जी दिसेल ती...”

“ती अंदाजाची इरावती. तुम्ही पाहताय त्या क्षणी खरी काय करतेय हे तसंही कळू शकत नाही. प्रकाशाला तिथून इथे यायलाच पाऊण तास लागतो. पाऊण तासाने फरक आला, की खेळ मागे जाऊन दुरुस्ती करेल. बाहुलीला जरा हिसका बसल्यासारखं दिसेल. पत्रांचंही तसंच. अंदाजाचं पत्र यानावर तयार असेल, ते फक्त खाडाखोड करतील.”

“आणि ती ड्यूटीवर असली, खेळायला आलीच नाही तर?”

“तर खेळ अडू नये म्हणून अंदाजच पुढे चालेल. तुमची संध्याकाळ कशाला बुडवायची?”

दवाखान्यात असता तर ओजसने पुढचा प्रश्न तिथेच विचारला असता. पण त्या दिवशी सगळ्यांनाच आपलं माणूस कोणत्या का रूपात होईना, रोज दिसणार याचाच इतका आनंद झाला होता की तो प्रश्न राहूनच गेला.

बाहुलीला बसणाऱ्या त्या हिसक्याला घरच्या मंडळींनी ‘उचकी’ म्हणायला सुरुवात केली. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय. झोयांनी खेळाच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवाही बसवून दिला. फरक आला की तो लुकलुकायचा.

सुरुवातीला उचक्यांचा नुसता पाऊस. पिवळी बाहुली बर्फ खणताना दिसायची आणि एकदम हिसका बसून कोठाराच्या छपरावर उभी असायची. तिथे काय करत होती? काही नाही, उगाच. कधी तिने बटाट्यांच्या वाफ्यात दगडांनी ‘ओ’ काढलेला असायचा. ओजसच्या लक्षात आलं की बाकीचा सगळा वेळ तो एका हुशार नकलेबरोबर खेळतोय आणि या हिसक्यांपुरती इरा खरी असते. अंदाज चुकतो तेवढीच ती. मग तो चुकण्याचीच वाट पाहायला लागला.

वर्षभराने उचक्या कमी झाल्या. अंदाजक शिकतोय, झोया म्हणाल्या, प्रत्येक चुकीतून तो सुधारतो. त्यानंतर आठवड्यातून एखादी. आणि मग एके दिवशी ओजसच्या ध्यानात आलं की दिवा लुकलुकल्याला किती दिवस झाले ते आता आठवतसुद्धा नाही.

खेळ मात्र मस्त चालला होता. पिवळी बाहुली वेळेवर यायची, खणायची, शिवायची, मध्येच थांबून उडी मारायची. ती उडी इराचीच होती. पत्रं यायची, त्यातले विनोद इराचेच होते. एका संध्याकाळी त्याने तिच्या बाहुलीसमोर उभं राहून लिहिलं, “इरा, तू आहेस ना?”

बाहुलीच्या डोक्यावर ताबडतोब अक्षरं उमटली. “आहे की. जाते कुठे?”

ताबडतोब, म्हणजे हे अंदाजाचं. ओजस पाऊण तास थांबला, आणखी पाऊण तास थांबला. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने झोयांना फोन लावला.

“मॅडम, हे उत्तर तिचं आहे का?”

“तिचंच असणार.”

“असणार म्हणजे?”

“दिवा लागला नाही ना? म्हणजे तीही तेच म्हणाली असणार. अंदाज बरोबर निघाला.”

“किंवा ती तिथे नव्हती.”

झोया म्हणाल्या, “नसती तरीही दिवा लागला नसता. हे खरं आहे.”

“तुम्ही दूधवाल्याचं सांगितलं होतंत. फोन नाही आला म्हणजे दूध येणार. पण मॅडम, तिथे सकाळी पातेल्यात दूध दिसतं तरी. इथे पातेल्यात जे दिसतंय ते आपणच ओतलेलं आहे.”

“यानाचे कमांडर रोज कळवतात, सहाही जण ठीक.”

“रोज तेच कळवतात?”

“हो.”

“तेही अंदाजाप्रमाणेच?”

झोया म्हणाल्या, “ओजसराव, खरं सांगू? बाकीच्या पाच घरांतल्याही उचक्या थांबल्यात. इथे सगळे अंदाजकाचं कौतुक करताहेत. मीही करत होते.”

मुक्या जनावरांबरोबर ओजसचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गाय शांत उभी असते. ती बरी असते म्हणून शांत असते किंवा इतकी आजारी असते की हलायचं त्राण नसतं म्हणून. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी तो बरगडीखाली बोटं रुतवून जोरात दाबायचा. मालकाला ते बघवायचं नाही. पण जनावर दचकलं, लाथ झाडली, की पुढचं ठरवता यायचं.

त्याने झोयांना सांगितलं, “मी घुमट फोडणार आहे.”

“कसला घुमट?”

“आमचा. बटाट्यांचा. इतक्या वर्षांत मी तिथे साधं ठिगळही चुकीचं लावलेलं नाही. मी तो फोडेन असं तुमच्या अंदाजकाच्या स्वप्नातही नसेल. मग ती काय करेल, हे त्याला सांगता येईल का?”

“नाही. अशा वेळी तो चाचपडेल,” झोया सावकाश म्हणाल्या. “मी करा म्हणत नाही आणि नकोही म्हणत नाही. एवढंच लक्षात ठेवा, ती असली तर येणारा फरक मोठा असेल. तिकडे एकेका अक्षराला वीज लागते.”

ते वाक्य ओजसने ऐकलं, पण त्यावर फारसा विचार केला नाही.

घुमट हे त्या दोघांचं सगळ्यात जुनं काम. त्यातली पहिली काच इराने घडवली होती तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. ओजसने निळ्या बाहुलीच्या हातात कुदळ दिली आणि बटण दाबलं. पहिल्या घावाला तडा गेला. दुसऱ्याला काच निखळली. हवा बाहेर पडताना पांढरे ठिपके भुरभुरले, आणि वाफ्यातली हिरवी रोपं टोकाकडून पांढरी पडत गेली. पिवळी बाहुली हातातलं फावडं टाकून धावत आली आणि तिने ठिगळ लावलं. ओजसने शेजारची काच फोडली. ती तिकडे धावली. त्याने आणखी एक फोडली. मग मात्र ती दोन भोकांच्या मध्ये इकडून तिकडे, इकडून तिकडे नुसती हेलपाटत राहिली. अंदाजकाचं डोकं चालेनासं झालं होतं. ती इरा नाही हे माहीत असूनही ओजसला ते पाहवेना. त्याने कुदळ खाली ठेवली.

त्याचे घाव तिथे पोचायला पाऊण तास. उत्तराला परत पाऊण तास. तो स्वयंपाकघरात गेला, भात टाकला, तो करपला, परत येऊन बसला. बाहुली हेलपाटतच होती.

आणि दिवा लागला.

पिवळ्या बाहुलीला असा हिसका बसला की ती भोकांपासून नाहीशी होऊन थेट त्याच्या बाहुलीसमोर उभी राहिली. काच आणि कुदळ यांच्या मध्ये, अंगावर घाव घेण्याएवढी जवळ. एकाही भोकाला तिने हात लावला नव्हता. मग तिच्या डोक्यावर एकेक शब्द उमटू लागला, आणि तोवर कोपऱ्यातला दिवा लुकलुकत राहिला.

“ओजस. आहे मी. बरी आहे. रोज असते. असं करू नकोस. एवढं पाठवायला केबिनचा हीटर बंद ठेवावा लागतो. सगळे कुडकुडतात. म्हणून आम्ही सहाही जण अंदाजाप्रमाणेच चालतो. पडद्यावर पुढचं पाऊल आधी फिकट दिसतं. त्यावर पाय ठेवायचा. सवय झालीय. सोपं असतं.”

दिवा विझला.

ओजस टेबलावर डोकं टेकून रडला. आधी आनंदाने, आणि मग त्या हीटरच्या विचाराने. इतके दिवस तो नकलेबरोबर खेळत नव्हताच. जी बाहुली तो पाहत होता तिच्या प्रत्येक पावलावर पाऊणशे कोटी किलोमीटरवरून त्याची बायको बोट ठेवत होती. त्याने त्याच रात्री घुमट शिवायला घेतला. पिवळी बाहुली मुकाट्याने काचा आणून द्यायला लागली.

झोयांना त्याने फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. त्याला वाटलं होतं, त्या सुटकेचा श्वास टाकतील.

“ती फिकट पावलं मीच ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “आपण अंदाजापासून किती लांब गेलो, हे त्यांना दिसावं म्हणून. त्यावरून चालावं म्हणून नाही.” आणि मग, “पत्रंही तशीच मान्य करत असतील. कधी झोपायचं, काय खायचं, व्यायाम किती. तब्येतीची माहितीसुद्धा फरकांतच येते ना.”

“थंडीपेक्षा बरंच की, मॅडम.”

“हो,” झोया म्हणाल्या. “ते आहेच.”

त्यांनी हा विषय केंद्राच्या बैठकीत मांडला. तिथे सगळे उलट खूश झाले. सहा माणसांनी वाचवलेल्या विजेवर गुरूच्या चंद्रांची किती तरी मोजमापं पृथ्वीवर येऊ शकली होती. या चमूची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, असं इतिवृत्तात नोंदवून पुढचा विषय घेतला गेला.

पुढची चार वर्षं ओजस रोज खेळला. उचकी परत कधी लागली नाही आणि त्याने मागितलीही नाही.

‘अनुराधा’ परतलं. सहाही जण जिवंत होते, हाडं थोडी ठिसूळ झालेली, एवढंच. काही महिने उपचारांत गेले आणि इरावती कुडाळला घरी आली. भेटायला गाव लोटलं. शेजारच्या मालतीकाकी तिच्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, “गो बाय, इतक्या लांब जाऊन इलंस, पण काय्येक बदलूक नाय.” सगळे तेच म्हणत होते, ही जराही बदलली नाही. तेच हसणं, तेच उडी मारल्यासारखं जिना चढणं, तेच विनोद. ओजसला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मग त्याच्या नजरेत एक गोष्ट यायला लागली. इरा थांबायची. सकाळी चहा-कॉफीच्या डब्यांसमोर, फिरायला गेल्यावर फाटा फुटतो तिथे, कपाटाचं दार उघडून. फार नाही, क्षण-दोन क्षण. अशक्तपणा असेल असं त्याला वाटलं. तो “चहा टाक ना” म्हणायचा, आणि ती लगेच, मन लावून चहा टाकायची.

एकदा दोघं मालवणला जेवायला गेली. वेटरने विचारलं, “ताईंना काय?” इराने मेन्यूकार्ड मिटलं आणि ओजसकडे पाहून अगदी साधेपणाने विचारलं, “मी काय घेईन?”

तो हसला. “बांगड्याची थाळी घेशील.”

“बांगड्याची थाळी,” तिने वेटरला सांगितलं.

जेवण होईपर्यंत ते वाक्य ओजसच्या कानात होतं. ‘मी काय घेऊ’ असं तिने विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत बाहेर जेवताना तिने तोच प्रश्न विचारला. ओजस मुद्दाम म्हणाला, “भरलं कारलं.” कारलं ताटात पडलं तर ताट सरकवून उठणारी बाई ती. तिने भरलं कारलं मागवलं, सावकाश सगळं खाल्लं, आणि बोटं पुसत म्हणाली, “छान होतं.” ओजसला मान वर करता येईना.

“सगळ्यांचंच असं झालंय,” झोया फोनवर म्हणाल्या. त्यांनी केंद्रातली नोकरी सोडली होती, आता त्या फक्त या सहा जणांसाठी धावपळ करत होत्या. “ज्यांच्या घरी ओळखणारं माणूस आहे ते बरे चालताहेत, कारण ते माणूस सांगतं. कमांडरांचं कोणी नाही. ते सकाळी उठून पलंगावर बसतात आणि कोणी जाईपर्यंत बसूनच राहतात. आजार नाही, बुद्धी शाबूत आहे. फक्त पाऊल टाकायचं तर आधी ते कुठेतरी दिसावं लागतं.”

“बरं होईल हे?”

“होईल असं मला वाटतं. पण ओजसराव, तुम्ही अंदाज सांगायचं बंद करा. तुम्हीच आता तिची फिकट पावलं झाला आहात. ती थांबली तर तुम्हीही थांबा. कितीही वेळ लागू दे.”

त्याने ते मनावर घेतलं. एका दुपारी इरा कपाटासमोर उभी राहिली आणि तो दाराशी गप्प बसून राहिला. तिने एका कुडत्याकडे हात नेला, मागे घेतला. दुसऱ्याकडे नेला. वळून त्याच्याकडे पाहिलं. ओठ आवळून ती पुन्हा कपाटाकडे वळली आणि हळूहळू तिच्या पाठीला कंप सुटला. दावणीला बांधलेल्या वासराला सुटतो तसा. ओजसने जनावरांना इंजेक्शनं दिली होती, हाडं बसवली होती, पण हे त्याला बघवेना.

“निळा घाल, इरा,” तो म्हणाला.

तिने निळा कुडता काढला. तिचा चेहरा असा निवळला की त्याला स्वतःलाही बरं वाटलं. त्यानंतरही त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला, पण तिला कंप सुटायच्या आतच तो बोलून जायचा.

आणि मग गणपती झाल्यावर केंद्रातून इराला फोन आला. झोया नव्हत्या, संचालकांच्या कचेरीतलं कोणी तरी होतं. शनीकडे यान जाणार होतं. आधीच्या सहाही जणांना पहिला मान होता, कारण इतका भरवशाचा चमू आजवर झाला नव्हता. ठरवल्यापासून कणभर इकडेतिकडे न होणारी माणसं. ताई, तुमचं उत्तर आज कळलं तर बरं होईल.

इराने फोनच्या तोंडावर हात ठेवला. खिडकीतून ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. “परत बोलावताहेत. शनीला,” ती म्हणाली. “मी काय म्हणेन, ओजस?”

त्याला उत्तर माहीत होतं. त्याच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. गुरूच्या मोहिमेसाठी पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा समोरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत ती “हो” म्हणाली होती आणि मग फोन ठेवून ओजसकडे पाहत म्हणाली होती, “तुला विचारायचं राहिलंच.” त्यावरून दोघांचं केवढं भांडण झालं होतं. ती बाई आज या खोलीत असती, तर तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

शनीला जायला-यायला पंधरा वर्षं तरी लागणार. तोवर तो साठीच्या पुढे गेलेला असणार. आणि तिथे गेल्यावर ही परत फिकट पावलांवरूनच चालणार, असं त्याने मनाशी म्हटलं. तिच्याच भल्याचं आहे हे, असंही म्हटलं. थांबावं, काहीच बोलू नये, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण इराची बोटं फोनवर थरथरायला लागली होती.

“नाही म्हणशील,” ओजस म्हणाला.

“हो ना? मलाही तसंच वाटत होतं,” इरा म्हणाली. तिने फोनवरचा हात काढला. तिचा आवाज पूर्वीसारखाच ठाम, कोणाच्या बापाचं न ऐकणारा. “नाही. मी येणार नाही. नको, विचार करायला वेळ नको, माझं ठरलंय.”

पलीकडचं माणूस काहीतरी आर्जव करत होतं. तिने ते ऐकून घेतलं, परत एकदा “नाही” म्हणाली आणि फोन बंद करून टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. इरा वळली, खोलीच्या मधोमध येऊन थांबली आणि ओजसकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहत उभी राहिली.